वरचं पाठ केलेलं, खालचं माझं

९ मे

"तू लिहिलंयस ते सगळं बरोबर आहे, पण तू हे वाचलेलं नाहीस."

हेमंत सर हे वाक्य मला मोखाड्याच्या शाळेत, नववीत असताना म्हणाले. त्याला एकतीस वर्षं झाली. एका कवितेचं रसग्रहण मी गाईडमधून जसंच्या तसं उतरवलं होतं. सरांनी आवाज चढवला नाही, वर्गाला सांगितलं नाही. वही हातात दिली, एवढंच बोलले आणि पुढच्या बाकाकडे गेले. त्या एका वाक्याच्या धाकाने मी आयुष्यभर वाचत राहिले. मराठीत एम.ए. केलं, जव्हारच्या वाचनालयात ग्रंथपाल झाले, कथांचं एक पुस्तकही काढलं. ते फारसं खपलं नाही, पण बांधणी चांगली होती. त्यानंतर आठ वर्षांत नवी कथा झालेली नाही. वाचनालयाच्या कामातून वेळ मिळत नाही.

आज ते वाक्य आठवलं, कारण दुपारी पोशेऱ्याची पुष्पा गुणपत्रिका घेऊन आली. पाड्यावरच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. वय चौतीस. बारावी बाहेरून देते. सगळे विषय सुटलेत, फक्त मराठी राहिलंय. पहिल्या खेपेला सव्वीस मिळाले होते, या खेपेला चोवीस.

"बाई, इंग्रजी सुटली, इतिहास सुटला. नि मराठीत नापास. आमचा माणूस म्हणतो, मंग तू माझ्याशी भांडतेस ती कंची भाषा?"

तिथल्या सेविकाबाई ऑगस्टअखेर निवृत्त होतात. मदतनीस बारावी असेल तर जागा तिला मिळते, नाहीतर बाहेरून कुणी येईल.

"बाहेरची आली तर काय होईल?" मी विचारलं.

"ती म्हणंल, बाळांनो, इकडे या. पोरं तिथंच बसतील. बाळांनो म्हणजे कोण, ते त्यांना ठावं नाय."

परीक्षा पुन्हा जूनअखेर. दुपारी एक ते तीन वाचनालय बंद असतं, तेव्हा शिकवते म्हटलं. वाचनालयामागे शिलाईचं दुकान चालवणारी मदीना हे खिडकीतून ऐकत होती. तिची मुलगी माहनूर यंदा बारावी पास झाली, आणि त्याच परीक्षेत मदीना मराठीत नापास झाली. ती म्हणाली, "मलाही घ्या, प्रमिलाताई. घरात माझ्याशी बोलताना आता सगळे सोपे शब्द वापरतात."

१३ मे

पहिला वर्ग. विद्यार्थी दोन आणि एक जीपवाला.

जीपवाला म्हणजे देवानंद. पुष्पा त्याच्याच जीपने पोशेऱ्याहून येते. अकरा माणसं भरेपर्यंत जीप हलत नाही, तोवर तो आमच्या वर्गात पंख्याखाली बसणार. स्वतः बारावी पास आहे, सेकंड क्लास, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीवर मत आहे. बसल्या बसल्या पुष्पाला म्हणाला, "ताई, होळीपासून तुमचा भाऊ यायचाय. मी रोज फाट्यावर ब्रेक मारतो. कोण उतरतच नाही."

"येल की," पुष्पा म्हणाली आणि वही उघडली.

आज जुनी, गाजलेली कथा घेतली. एक गरीब शिंपीण जमीनदाराच्या मुलीच्या लग्नाची रेशमी चोळी शिवते. एका दिवसात शिवायची असते. सुई बोटात जाते, रक्ताचा थेंब अस्तराच्या आत पडतो, वरून कुणालाच दिसत नाही. मी वाचताना माझाच आवाज भरून आला. मग विचारलं, काय वाटलं?

मदीना म्हणाली, "त्याने कधी अस्तर लावलंय का?"

"कुणी?"

"ज्याने लिहिलंय त्याने. रेशमाला आतून डाग पडला तर बाहेर येणारच. आणि एका दिवसाचं काम नाही हे. हिने पंधरा दिवस आधी घेतलेलं असणार, आणि ठेवून दिलं असणार. ईदला आम्ही हेच करतो. मग गिऱ्हाईकाला म्हणतो, तुमच्यासाठी दिवसभर पाणीसुद्धा प्यायले नाही."

"ही शोषणाची कथा आहे, मदीना."

"असेल ना. पण बाई खोटं बोलतेय."

बाहेरून कुणीतरी "अकरा झाले" म्हणून ओरडलं. वर्ग सुटला.

१८ मे

गावच्या बोहाड्यासाठी, सोंगांच्या उत्सवासाठी, पुष्पा तीन दिवस नव्हती. आज आली ती अर्धी झोपेत. तिचा दीर, माघ्या, देवाचं सोंग घेऊन नाचतो, मुखवटा त्यांच्या घराच्या मानाचा आहे.

मी प्रतीक शिकवत होते. एका गोष्टीच्या जागी दुसरी गोष्ट उभी राहते, तरी पहिली दिसत राहते, असं काहीतरी. मलाच ते गुंतागुंतीचं वाटू लागलं. पुष्पा म्हणाली, "सोंगावानी."

"कसं?"

"सोंग नाचतं तवा आत कोण हाय ते सगळ्या गावाला ठावं असतं. पायावरून वळखतात. पण नाव कोणी घेत नाय. नाव घेतलं की देव निघून जातो, नि नुसता माघ्या उरतो."

देवानंद म्हणाला, "आणि माघ्याला कोण नमस्कार करणार?"

मला ते आवडलं. पण परीक्षेत प्रतीकाची व्याख्या दोन ओळींची असते आणि तिच्यात माघ्या बसत नाही. ती दोन ओळींची व्याख्या लिहून दिली.

२० मे

आज 'दार' कविता. हीच ती माझी नववीतली कविता. तेव्हा ती नववीला होती, आता बारावीला आहे. आम्ही सगळे थकलो, ही मात्र वरच्या वर्गात गेली. आठ ओळींची आहे. दोन ओळी मला तोंडपाठ आहेत:

माय निजते कडी न लावता,
फटीत ठेवून वाट जराशी.

मुलगा दूर गेलाय, आई दार उघडं ठेवून त्याची वाट बघते. मी फळ्यावर लिहिलं: 'प्रस्तुत कवितेत मातृहृदयाच्या प्रतीक्षेचे हृद्य चित्रण आले आहे.' मला हे वाक्य कसं सुचलं कोण जाणे, हात आपोआप चालला.

पुष्पाने ते उतरवलं नाही. म्हणाली, "बाई, ती दार उघडं नाय ठेवत. तिची कडी मोडलीय."

"असं कवितेत कुठे आहे?"

"कडी न लावता, असं हाय. का न लावता, ते कुठं हाय? मोडलेली असंल. घरात बसवून देणारं कोण नाय. शेजारीण विचारते, कडी का लावीत नाय? सांगाया लाज वाटते. मंग ती म्हणते, माझा पोरगा यायचाय. पोरगा म्हटलं की कोण पुढं विचारीत नाय."

"आणि मुलगा?"

"येल नाय तर नाय येल. पण रोज असं सांगितलं की मंग तिलाच ते खरं वाटाया लागतं. तवा ती खरीच वाट पाहाते."

मी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं उरली होती आणि अलंकार राहिले होते. म्हटलं, "पुष्पाताई, हे विषयांतर झालं. फळ्यावरचं लिहून घ्या."

तिने मुकाट्याने लिहून घेतलं. विद्यार्थी हुशार असला की विषयांतर फार होतं. पुढच्या वेळी घड्याळ समोर ठेवायचं.

३० मे

सराव परीक्षा. देवानंदही बसला, म्हणाला, रिकामा बसण्यापेक्षा बरं.

मदीनाने शिंपिणीच्या कथेवर लिहिलंय: 'या कथेत निसर्गाचे मनोहारी वर्णन आले आहे.' मी विचारलं, कुठे? म्हणाली, "रेशीम झाडावरच्या किड्यातून येतं ना?" देवानंदने चारही उत्तरांचा शेवट 'यातून कवीची सामाजिक जाणीव दिसून येते' असा केलाय. पुष्पाने 'दार'वर अगदी मी फळ्यावर लिहिलं होतं तसंच लिहिलंय, अक्षर न अक्षर. चारपैकी चार द्यावे लागले.

वही परत देताना माझ्या तोंडावर ते वाक्य आलं. तू लिहिलंयस ते सगळं बरोबर आहे. पुढचं गिळलं. पुढचं बोलले असते तर ती म्हणाली असती, मी वाचलं होतं, बाई, तुम्हीच लिहू दिलं नाही. नाही, ती असं म्हणाली नसती. ती म्हणाली असती, "बरं."

हे चारपैकी चार मला आवडले नाहीत. पण तिला पस्तीस हवेत, आणि ते असेच मिळतात. हेमंत सरांना विचारायला हवं. ते मोखाड्यालाच असतात, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. मी एकदाही गेले नाही. कामातून वेळ मिळत नाही.

४ जून

मोखाड्याला जाऊन आले. जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मी त्यात बदल करीन.

सर अंगणात होते. खाटेवर नागलीचे पापड वाळत घातले होते आणि हातात काठी घेऊन ते कावळे हाकत होते. त्यांनी मला ओळखलं. माझं पुस्तक वाचल्याचंही सांगितलं. "बांधणी छान आहे," म्हणाले.

मी पुष्पाचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, "सर, तुम्ही मला एकदा म्हणाला होतात..." आणि ते वाक्य म्हणून दाखवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

"मी असं म्हणालो? बरं वाक्य आहे."

"तुम्हाला आठवत नाही?"

"कंची कविता होती?" निवृत्तीनंतर सरांची भाषा जरा इकडची झाली आहे.

"'दार'."

सरांनी काठी माझ्या हातात दिली, घरात गेले आणि एक पिवळं पडलेलं, मुखपृष्ठ गेलेलं गाईड घेऊन आले. पान काढून माझ्यासमोर धरलं. 'प्रस्तुत कवितेत मातृहृदयाच्या प्रतीक्षेचे हृद्य चित्रण आले आहे.'

"हेच लिहिलं होतंस ना?"

"हो."

त्यांनी पहिलं पान उघडलं. लेखकाच्या जागी 'एक अनुभवी शिक्षक' असं छापलेलं होतं.

"अनुभवी शिक्षक मी," सर म्हणाले. "तेव्हा अनुभव सहा वर्षांचा."

मी पापडांकडे बघत राहिले. मग म्हटलं, "म्हणजे तुम्ही स्वतःची वाक्यं ओळखलीत."

"माणूस ओळखतोच की. म्हणून म्हणालो असेन, बरोबर आहे. मीच लिहिलेलं, चूक कसं म्हणू?"

"आणि 'वाचलेलं नाहीस' म्हणालात ते?"

"ते मी स्वतःला म्हणालो असेन. प्रकाशकाला तीन आठवड्यांत चाळीस कविता हव्या होत्या. वाचत बसलो असतो तर झाल्या असत्या का? कावळा बघ, कावळा."

मी कावळा हाकलला. माझं एम.ए., माझी नोकरी, वाचनालयाच्या सोळा हजार पुस्तकांची नोंदवही, सगळं मला त्या काठीच्या टोकावर दिसत होतं.

"वाईट वाटून घेऊ नको," सर म्हणाले. "आता सांग. तुला काय दिसतं त्या कवितेत?"

आणि मला काहीच दिसेना. डोळ्यांसमोर फक्त मातृहृदयाची प्रतीक्षा. सर वाट बघत होते. त्यांचे डोळे आता पाणावल्यासारखे असतात, मोतीबिंदूमुळे, पण तेव्हा मला ते कळलं नाही. आणि मी म्हणाले, "सर, तिची कडी मोडलीय."

पुढचंही सगळं म्हणाले. शेजारीण, लाज, पोरगा यायचाय, रोज सांगून सांगून तिलाच खरं वाटू लागतं. थांबत थांबत, शोधून काढल्यासारखं म्हणाले.

एक कावळा येऊन पापड घेऊन गेला तरी सरांनी पाहिलं नाही.

"हे कुठल्या गाईडात नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

"आता तू वाचलंयस."

आणि मी म्हणाले, "थँक्यू, सर."

५ जून

थँक्यू, सर.

रात्रभर तेवढंच. नववीत निदान गाईडमधून चोरलं होतं.

११ जून

पुष्पाला सांगायचं ठरवलं होतं. ती आली तेव्हा मी वर्तमानपत्रं फायलीत लावत होते. ती टेबलाशी थांबली. टेबलावर माझी एक वही असते, नव्या कथेसाठी घेतलेली. पहिलं पान उघडून, वर पेन ठेवून मी ती ठेवते. सुचलं तर लगेच लिहिता यावं.

"बाई, ही वही रोज उघडी असते. कोण यायचंय?"

म्हटलं, "जव्हारच्या दमट हवेत मिटलेल्या वहीची पानं चिकटतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "व्हय. चिकटत असतील."

त्यानंतर सरांचं सांगायचं राहूनच गेलं. का, ते नीट कळलं नाही. मला एकदम घाई असल्यासारखं झालं आणि मी समास घ्यायला लागले.

१९ जून

परीक्षा आठवड्यावर आली. शेवटी ठरवलं. पाठ करायचं. बारा कविता, प्रत्येकी बारा ओळी, गाईडच्याच. मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. म्हणजे हेमंत सरांनी न वाचता लिहिलेलं मी न वाचता उतरवलं आणि आता पुष्पा घेऊन जाणार. तिसरी पिढी.

तिला बजावलं, "परीक्षेत स्वतःचं मत लिहायचं नाही. तपासणाऱ्याकडे आदर्श उत्तर असतं. त्याला तेच शब्द दिसले पाहिजेत."

"नि माझं कडीचं?"

"ते नको."

"बरं."

मदीना म्हणाली, "ताई, तुम्हाला ताप आहे का? डोळे लाल दिसतात." नाही म्हटलं. देवानंद आता पुष्पाला जीपमध्ये कविता म्हणायला लावतो. त्याने सांगितलं की पाठीमागच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्यांनासुद्धा मातृहृदयाची प्रतीक्षा येते.

२६ जून

मराठीचा पेपर. केंद्र जव्हारलाच होतं. दोघी बाहेर आल्या तेव्हा मी फाटकाशी उभी होते. मदीना आधी आली. "सगळं लिहिलं. निसर्गसुद्धा घातला, कुठेतरी चालेल."

मग पुष्पा.

"'दार' आली, बाई."

मी घाईने विचारलं, "पाठ केलेलं लिहिलंत ना?"

"लिहिलं की. बाराच्या बारा वळी. पण मंग वेळ उरला. पान बी उरलं. रिकामं पान ठेवून यायला कसंतरी वाटलं. येवढं चांगलं पान. मंग एक रेघ मारली नि लिहिलं, वरचं पाठ केलेलं आहे. आता खालचं माझं."

देवानंद जीपला टेकून उभा होता. तो सरळ झाला.

"असं लिहिलंत?" मी विचारलं. "'पाठ केलेलं आहे' असं, पेपरात?"

"मंग? नायतर तपासणाऱ्याला वाटायचं की दोन्ही मीच लिहिलंय. वरचं वायलं नि खालचं वायलं. गोंधळंल बिचारा."

"आणि खाली काय लिहिलंत? कडीचं?"

पुष्पाने ओळखपत्र घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं.

"ते तपासणाऱ्याला लिहिलंय, बाई. तुम्हाला नाय."

"किती लिहिलंत?"

"पान संपेपर्यंत. मंग पुरवणी मागितली."

१४ जुलै

कुठल्याशा गावात, कुठल्याशा शिक्षकाच्या घरी तो गठ्ठा आला असणार. त्याच्यासमोर आदर्श उत्तर असेल, शेजारी चहा. पुष्पाचं पान येईल. वरच्या बारा ओळी बघून तो खूण करील. मग ती रेघ दिसेल. तिथे तो थांबला आणि वाचू लागला, तर संपलं. कबुलीजबाब आहे तो.

आयुष्यभर मी लोकांच्या मागे लागून पुस्तकं वाचायला लावली. परत आणून दिलेल्या प्रत्येक पुस्तकागणिक विचारलं, पूर्ण वाचलं का? आणि आज सकाळी देवापुढे हात जोडून पहिल्यांदाच मागितलं, की एका माणसाने काहीतरी वाचू नये.

मदीनाला सांगितलं तर ती बॉबीन भरता भरता म्हणाली, "गुन्हा कबूल केला की सजा कमी होते." मग थोड्या वेळाने, "पण ताई, गुन्हा कोणता, वरचा की खालचा?"

मी जाकिटाचं माप देऊन आले.

२९ जुलै

निकाल. देवानंदने जीप वाचनालयाच्या पायरीला लावली आणि मोबाईल वर धरून आत आला. मागे पुष्पा, तिच्या मागे जीपमधली नऊ माणसं. दोन म्हाताऱ्याही होत्या.

मराठी: एकसष्ट.

मदीनाला सत्तेचाळीस. ती शिलाईयंत्रावरून उठली नाही, म्हणाली, हातातली बाही पूर्ण करते, मग रडते.

एकसष्ट. म्हणजे तपासणाऱ्याने खालचं वाचलं नाही. किंवा वाचलं. यातलं काय झालं हे या आकड्यावरून काही केल्या कळत नाही. मी तो मोबाईल तीनदा मागून घेतला.

पुष्पा बाजारात जाऊन येते म्हणाली. मला वाटलं, पेढे आणेल. परत आली ती पिशवीत लोखंडी कडी, चार स्क्रू आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. आनंद झाल्यावर माणसाने काय विकत घ्यावं याचा नियम नाही, पण आज खरेदीचा दिवस होता असं मला वाटलं नाही. देवानंदने पिशवीत डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मग ताई, फाट्यावर ब्रेक नको ना मारू आता?"

"नको. आला तर दार वाजवील."

पेढे शेवटी मीच आणले.

१ ऑगस्ट

केंद्रावर जाऊन चौकशी केली. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. अर्ज विद्यार्थ्यानेच करायचा, सही त्याचीच लागते. कारकून भले होते. विचारलं, "गुण वाढवून हवेत?" नाही म्हटलं. "मग कमी वाटतात?" नाही. "मग कशासाठी?" म्हटलं, वाचायचंय. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, अशी छायाप्रत आजवर कुणी मागितली नाही." अर्ज मात्र दिला. मुदत सात तारखेपर्यंत.

रेघेखाली काय लिहिलंत, असं पुष्पाला काल फोनवर विचारलंच होतं. "पास झाले ना, बाई? मंग आता कशाला उकरताय?" मागे पोरांचा गलका होता. तिने काहीतरी ओरडून सांगितलं, मला एक शब्दही कळला नाही, आणि गलका एकदम थांबला.

३ ऑगस्ट

फोनवर मला जमत नाही. चिठ्ठीच लिहिली. डायरीची पानं लहान पडली म्हणून टेबलावरची वही घेतली. पानं चिकटलेली नव्हती. खाडाखोड बरीच झाली, चार पानं गेली. शेवटचा खर्डा इथे उतरवून ठेवते.

पुष्पाताई,

सोबत एक अर्ज आहे. तो वाचण्याआधी एक गोष्ट सांगते, ती जूनमध्येच सांगायला हवी होती. मोखाड्याला माझे एक सर आहेत. त्यांनी मला विचारलं, 'दार' कवितेत तुला काय दिसतं. मला काही दिसलं नाही, म्हणून मी तुमचं सांगितलं. कडी, शेजारीण, सगळं. माझं म्हणून सांगितलं. सर म्हणाले, आता तू वाचलंयस. ते खरं तर तुमचं होतं, माझ्या हाती चुकून पडलं. पुढच्या आठवड्यात मी सरांकडे जाऊन हे सांगणार आहे. तुम्ही आलात तर बरं होईल, पण यायलाच हवं असं नाही. पापड खूप आहेत.

ज्या दिवशी तुम्ही ते बोललात त्या दिवशी मी घड्याळ बघत होते. नंतर तुमचं सगळं बोलणं आठवायचा प्रयत्न केला, तर जेवढं सरांना सांगितलं तेवढंच आठवतं. तुम्ही बोललात त्यापेक्षा ते कमी आहे, एवढं मला कळतं. बाकीचं त्या रेघेखाली असणार. शिवाय पुरवणीत काय आहे ते मला अजिबात माहीत नाही. त्या पुरवणीचा विचार मी रोज करते.

एक गुणही इकडचा तिकडे होणार नाही, कारकुनांना तीनदा विचारलंय. तुमच्या नेमणुकीला धक्का लागणार नाही. कारणाच्या रकान्यात मी 'वाचायचे आहे' असं लिहिलंय. ते चालत नाही म्हणाले, पण खोडलं नाही.

तुम्ही म्हणाला होतात, ते तपासणाऱ्याला लिहिलंय, तुम्हाला नाही. ते बरोबरच आहे. मी तपासणार नाही. तुम्ही काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे, आणि तुम्ही ते ज्या आवाजात म्हणणार तोसुद्धा. अर्ज परत घ्यायला देवानंद परवा सकाळी फाट्यावर थांबेल, ब्रेक मारून, तुम्हाला नको असला तरी. जिथे पेन्सिलने फुली केली आहे, तिथे सही कराल का?